कूलर बंद होता, भाऊ

मनोहरभाऊ, तुम्ही गेल्यावर लोक बसायला पुष्कळ आले, पण फार वेळ कोणी बसलं नाही. याचा राग मानू नका. जिव्हाळा कमी नव्हता, कूलर बंद होता. अकोल्याचा एप्रिल, भर दुपार, जठारपेठेतला तुमचा पश्चिमेकडे तोंड करून बसलेला हॉल आणि वर एकटा पंखा गरम हवा ढवळत होता. माणूस यायचा, सुमनताईंसमोर टेकायचा, "फार वाईट झालं" म्हणायचा, मग मान वळवून कूलरकडे पाहायचा, तिथून माझ्याकडे. रुमाल ओला झाला की उठायचा. ज्यांना हयातीत तुम्ही जांभया देऊनही उठवू शकला नाहीत, असे तुमचे मित्र अर्धा कप चहा ठेवून वाटेला लागले.

तुम्ही असता तर हसला असता. म्हणून तर सांगतोय.

कूलर का बंद होता ते तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मार्चमध्ये दरवर्षीसारखे तुम्ही जुन्या ताट्या काढून नवं गवत भरायला म्हणून खिडकीबाहेरच्या त्या लोखंडी पेटाऱ्याकडे गेलात आणि पेचकस खिशात घालून परत आलात. दयाळ पक्ष्याच्या मादीनं वरच्या कोपऱ्यात, वाळलेल्या ताटीच्या आड, काड्या जमवायला सुरुवात केली होती. त्या संध्याकाळी तुमचा मला अमरावतीला फोन आला. "प्रकाश, यंदा आपला कूलर किरायानं गेला."

मी म्हणालो, "डिपॉझिट घेतलं का?"

"घेतलं ना. पहाटे गाणं म्हणते तिचा नवरा."

आणि मग तुम्ही आपली खुर्ची हॉलमध्ये कूलरच्या जाळीसमोर ओढलीत, दिवा बंद केलात, आणि पंख्याच्या पात्यांमधून आत पाहत बसू लागलात. दिवसभर दुकानात लोकांच्या डोळ्यांवर काचा चढवून पाहायचं, आणि घरी आल्यावर काच न लावता पाखरं पाहायची, हा तुमचा धंदा आणि हा तुमचा छंद. ताईंनी उन्हाळ्याचं विचारलं तेव्हा तुम्ही शब्द दिला होता म्हणे की खरा ताव यायच्या आत पिल्लं उडून जातील. पिल्लांनी आपला शब्द पाळायचं ठरवलं होतं. तुम्हीच मध्ये उठून गेलात. दुकानात, दुपारच्या वेळी, कोणाला कसला त्रास न देता.

आपण साडू. तुमची बायको थोरली, माझी शोभा धाकटी. सासऱ्याच्या घरी तुम्ही आधी आलात म्हणून पाटावरची पहिली जागा तुमची, आणि पुरणपोळीवरच्या तुपाची धार माझ्या पोळीपर्यंत येताना बारीक झालेली असायची. मी ते कधी विसरलो नाही. दोन साडूंनी एकमेकांशी कशावरून तरी चढाओढ करायचीच असते. लोक प्लॉटवरून करतात, पोरांच्या मार्कांवरून करतात. आपण पाखरांवरून केली. चूक माझी. तुमच्या अंगणात बुलबुल, शिंजीर, सातभाई आणि तो दयाळ असा दरबार भरलेला पाहिला आणि मला वाटलं, जे चष्मेवाल्याला जमतं ते पाटबंधारे खात्यातल्या माणसाला का जमू नये?

मी पहिल्यांदा गच्चीवर परातभर ज्वारी ठेवली. चिमण्या येतील, साळुंक्या येतील, असा हिशेब होता. आली कबुतरं. सगळ्या साईनगरची कबुतरं आली. त्यांनी ज्वारी संपवली, आणि जेवणानंतर काहीतरी कुरकुरीत हवं म्हणून शेजारच्या देशमुख काकूंच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरड्यांवर उतरली. काकू आमच्या दारात आल्या तेव्हा त्यांच्या हातात पुरावा म्हणून चिंधड्या झालेली एक कुरडई होती. "प्रकाशभाऊ, तुमचे पाहुणे माह्या घरी जेवून गेले. आता तुमी तळून खा हे." शोभानं त्या वर्षी दोन्ही घरांच्या कुरड्या घातल्या. माझ्याशी मात्र ती ज्वारीच्या भावापुरतंच बोलत होती.

मग मी घरटं केलं. गोडेतेलाचा रिकामा डबा घेतला, त्याला गोल भोक पाडलं, पाखराला लांबून दिसावं म्हणून लालभडक ऑइलपेंट फासला आणि पश्चिमेच्या भिंतीवर, जिथं दुपारपासून सूर्य हात शेकत बसतो तिथं, टांगला. तुम्ही आलात, वर चढलात, डब्याला बोट लावलं आणि लगेच तोंडात घातलं.

"प्रकाशराव," म्हणालात. तुम्ही मला 'राव' लावलं की पुढे काय येणार ते माझ्या अंगवळणी पडलं होतं. "हे पाखराचं घर होय का तंदूर? अंडं घातलं की उकडून तयार."

मी तो डबा रागानं मागच्या अंगणात फेकला. नळाजवळच्या मेंदीच्या झुडपात जाऊन तो अडकला. त्या नळाचंही तुम्हाला कौतुक. नोकरी पाण्याच्या खात्यात आणि घरचा नळ वर्षानुवर्षं ठिबकतोय, यावर सगळं सासर हसायचं. तुम्ही एकटेच म्हणालात, "हा नळ दुरुस्त करू नको. तुह्या घरात पाखरांच्या कामाची एवढी एकच गोष्ट आहे." तुमचा हा सल्ला मी तंतोतंत पाळला. काही न करण्याचा सल्ला मला नेहमीच पटतो.

आणि हळद्या. भाऊ, हळद्याचं तुम्ही ज्या ज्या लग्नात सांगितलंत त्या त्या लग्नात माझ्या पानातली बुंदी कडू झाली. आज एकदा मला सांगू द्या.

सकाळी उजाडताच मला पलीकडच्या कडुनिंबावर तो दिसला. पिवळाधमक, काठाला काळा. तासाभरानं दात घासायला आलो तरी तिथंच. मी टूथब्रश तोंडात ठेवूनच तुम्हाला फोन लावला. "भाऊ, हळद्या. माझ्याकडे. सकाळपासून बसलाय, हलत नाही." तुम्ही दुकान मुलाच्या मित्राच्या हवाली केलं, मिळेल ती गाडी धरलीत, मूर्तिजापूरला ती उगाच खोळंबली, बडनेऱ्याला उतरलात, ऑटो केला, आणि गळ्यात दुर्बीण घालून आमच्या दारात उभे. मी तुम्हाला विजयी वीरासारखा गच्चीवर नेला. हळद्या तिथंच होता. तुम्ही दुर्बीण लावलीत. दोनदा चाक फिरवून पाहिलंत. मग दुर्बीण माझ्या हातात दिलीत.

"प्रकाशराव, याच्या पोटावर साड्यांच्या दुकानाचं नाव लिहेल आहे."

प्लास्टिकची पिशवी होती. वाऱ्यानं फांदीत अडकलेली. तुम्ही मला फुकटात नवा चष्मा देऊ केलात आणि शोभाला म्हणालात, "भाकर टाक व, आलो तसा जेवून जातो." ही गोष्ट तुम्ही जगाला सांगितलीत. एक सांगायची राहिली, ती अशी की जेवणानंतर तुम्ही गेला नाहीत. संध्याकाळपर्यंत त्या गच्चीवर आपण दोघं बसलो. तुम्ही म्हणालात, आता बोलू नको आणि काही ठेवू नको, नुसता बस. आणि त्या ठिबकत्या नळाखालच्या ओलीवर एक एक करून काय काय उतरलं. मुनियांचा थवा, बुलबुलाची जोडी, आणि शेपटी वर करून तुरुतुरु पळणारा तो काळा चिरक. माझ्या घरी हे सगळे रोज येत होते, आणि मी गच्चीवर कबुतरांचं हॉटेल चालवत होतो. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. मी तुम्हाला तसं म्हटलं नाही. पिशवीमुळे तोंड नव्हतं.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. तुमचं म्हणणं, "पाखराले बोलवायचं नसते. आपण जरासं बाजूले सरकायचं. एखादं भोक बुजवायचं नाही, एखादं झुडूप कापायचं नाही. त्याले जागा दिसली की येते ते." माझं म्हणणं, मग त्यात आपलं कर्तृत्व काय? बोलावल्याशिवाय जो येतो तो पाहुणा की भाडेकरू? यावर आपण फोनवर किती बोललो त्याची मोजदाद नाही. शेवटच्या फोनमध्येही हेच चालू होतं. तुम्ही म्हणालात, "बरं, राहू दे, अंड्यातून पिल्लं निघाली की ये, समोर बसून भांडू." मी आलो. पिल्लं निघाली होती. समोर कोणी नव्हतं.

निखिल पुण्याहून आला. भाऊ, तुमचा मुलगा गुणी आहे, त्याच्यावर रागावू नका. त्याला एकच दिसत होतं: बाप गेला, आणि आई त्या भट्टीत खांद्यावर ओला टॉवेल टाकून बसली आहे. ताईंना बीपीचा त्रास. दुसऱ्याच दिवशी दुपारी त्यांना भोवळ आली. आम्ही त्यांना शेजारच्यांकडे नेऊन एसीत झोपवलं. चहा होईपर्यंत त्या उठून परत घरी. "तिथं थंड वाटते, पण आवाज येत नाई," म्हणाल्या. कसला आवाज, ते निखिलला कळलं नाही. त्यानं मला बाजूला घेतलं.

"काका, बाबांनंतर आईलाही काही झालं तर मी काय करू? तुम्ही पक्ष्यांचं बघता ना. ते घरटं उचलून दुसरीकडे ठेवून द्या. आज कूलर लागायलाच पाहिजे."

तुम्ही पक्ष्यांचं बघता ना. भाऊ, माझ्या उभ्या आयुष्यात मला कोणी जाणकार म्हटलं नव्हतं. पोराच्या डोळ्यांत पाणी होतं, ताईंची काळजी मलाही होती, आणि खरं सांगायचं तर छातीही थोडी फुगली होती. मी तुमचाच पेचकस घेतला आणि खिडकीमागे गेलो. दोन स्क्रू काढले. पत्रा सरकवला तर आत मादी. उडाली नाही. राखाडी अंग फुलवून बसून राहिली आणि माझ्याकडे अशी पाहू लागली, जशी शोभा ज्वारीच्या परातीकडे पाहायची. तिच्या पोटाखालून एक पिवळी चोच वर आली, उघडली, आणि मिटायचं विसरली.

मागे ताई उभ्या होत्या. "काय करून राहिले तुमी?"

"काही नाही ताई, जरासं सरकवतो."

"कोणाले?"

मी पेचकस पाठीमागे लपवला.

"सरकायचं असन तर तुमी सरका," ताई म्हणाल्या. "पोट्टे हायेत तिचे आत."

निखिलही मागून आला होता. त्याला त्या म्हणाल्या, "तुह्या बापानं मले सांगतलं होतं, तुले ताव लागाच्या आत उडतीन म्हणून. मले त्याचा शब्द खरा झालेला पाह्यचा आहे. मी मरत नाई एवढ्यात. पडदा ओला करून लाव." निखिल तसाच मागे वळला. बादली भरून आणली, चादरी भिजवल्या आणि पश्चिमेच्या सगळ्या खिडक्यांवर टांगल्या. नंतरचे सगळे दिवस तो तेच करत होता. दर तासाला चादर वाळायची, दर तासाला तो भिजवायचा. मी पत्रा परत बसवला. एक स्क्रू हरवला, ते ओघानं आलंच.

मग प्रश्न आला बटणाचा. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचा हात आपोआप त्या कूलरच्या बटणाकडे जात होता. वऱ्हाडी माणसाला उन्हातून आल्यावर आधी कूलर, मग पाणी, मग नातं. आणि पंखा फिरला असता तर आत काय झालं असतं ते बोलवत नाही. म्हणून मी स्वतःहून पहारा पत्करला. स्विचबोर्डाखाली स्टूल टाकलं आणि तिथं बसून राहिलो. येणारे-जाणारे मला पाहून हळहळायचे. "धाकल्या जवायाले लय लागलं, कोपऱ्यातून हलत नाई बिचारा." मी मान खाली घालून बसायचो. लागलं होतं, ते खोटं नव्हतं. पण माझं अर्धं लक्ष अंबाड्याहून आलेल्या मामांच्या उजव्या हातावर होतं.

आणि कधी नव्हे ते मला बसणं जमलं, भाऊ. बसायला दुसरी जागाच नव्हती. जाळीतून मी पाहत राहिलो. तो काळा-पांढरा नवरा नाकतोडे आणायचा, अळ्या आणायचा, तारेवर बसून आधी शीळ घालायचा आणि मगच आत शिरायचा, जणू आपल्याच घरात खाकरून येतोय. तुमचीच खुर्ची समोर रिकामी होती. तिच्यावर कोणी बसलं नाही, मीही नाही.

तेरवीच्या आदल्या दिवशी मी बाजारातून आलो. डोक्यावर ऊन, दोन्ही हातांत पिशव्या, डोळ्यांपुढे अंधारी. आत शिरलो, पिशव्या ठेवल्या, हात वर गेला आणि बटण दाबलं.

मी. पहारेकऱ्यानं.

बोट बटणावर तसंच राहिलं. मला त्या क्षणी पंख्याचा आवाज ऐकू आलासुद्धा, इतकी माझी खात्री होती. पण आवाज नव्हता. पातं हललं नाही. जाळीमागे पिल्लं नेहमीसारखी चिवचिवत होती. वीज गेली म्हणावं तर वरचा पंखा फिरत होता.

"दाबलं का शेवटी?" ताई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या.

त्या आल्या, खिडकीतून आत आलेली कूलरची वायर उचलून त्यांनी मला दाखवली. मोटरकडे जाणारी वायर तुम्ही केव्हाच सोडवून ठेवली होती. दोन्ही टोकांना काळी पट्टी, चष्म्याच्या काड्यांना गुंडाळता तशी घट्ट, नीट.

"हे म्हणत होते," ताई म्हणाल्या, "बाकी कोणी नाई दाबणार. प्रकाश येईन अन् दाबीन. मन चांगलं हाय त्याचं, पण हात पुढं रायते."

मी स्टुलावर बसलो. "ताई, मग मला इतके दिवस इथं पहाऱ्याला काहून बसू दिलं?"

"तुमाले कायतरी काम पाह्यजे होतं ना. रडता तं येत नाई तुमाले." पदरानं त्यांनी कूलरच्या जाळीवरची धूळ पुसली. मग त्यांना काय आठवलं कोण जाणे, गालात हसल्या. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा. "तुमच्या त्या हळद्याच्या वक्ताले मी त्यांले म्हटलं होतं, दुकान बंद करून कुठं चालले? तं म्हणे, हळद्या कधी सकाळपासून एका जागी बसते का? फोनवरच समजलं त्यांले."

"पिशवी आहे हे समजलं होतं?"

"पिशवी नाई समजली. हळद्या नाई, एवढं समजलं होतं."

"मग आले काहून?"

"तुमी बोलावलं ना," ताई म्हणाल्या आणि आत गेल्या.

भाऊ, इतक्या लग्नांत सांगितलंत, हे एवढं कोणत्या पंगतीत सांगितलं नाहीत.

तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या सकाळी पिल्लं उडायला निघाली. बाप तारेवर बसून बोलावत होता. एक उडालं, दुसरं उडालं, तिसरं कूलरच्या काठावर येऊन खाली पाहत बसलं. माझे हात शिवशिवत होते. टॉवेल पसरावा, काठी आडवी धरावी, काहीतरी करावं. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून पायरीवर बसलो. निखिल शेजारी येऊन बसला, आणि माझ्याकडे पाहून त्यानंही हात दाबले. पिल्लानं फार वेळ घेतला. मग पडल्यासारखं झालं, आणि कढीपत्त्याच्या झाडात पोचलं. तुमचा शब्द खरा झाला म्हणायचा. खरा ताव आधीच आला होता, पण ताईंच्या हिशेबात तो अजून यायचा होता.

दुपारी आम्ही नव्या ताट्या बसवल्या, पाणी भरलं. वायर निखिलनं जोडली, मला हात लावू दिला नाही. कूलर लागला. तुम्हाला आवाज माहीत आहे त्याचा, ट्रॅक्टर घरात आल्यासारखा. ओल्या गवताचा वास घरभर झाला. ताई उठल्या आणि तुमच्या खुर्चीत, जाळीसमोर, त्या वाऱ्यात जाऊन बसल्या. त्यांची पाठ आमच्याकडे होती. खांदे हलताना दिसले. इतके दिवस लोकांसमोर त्या बाईनं डोळ्याला पदर लावला नव्हता, आणि आता त्या आवाजात कोणालाही काही ऐकू जाणार नव्हतं. निखिल पुढे व्हायला निघाला. मी त्याचा हात धरला. आम्ही दोघं बाहेर येऊन बसलो.

मी अमरावतीला परतलो. घरी सगळं तसंच, नळही तसाच. एका संध्याकाळी मागच्या अंगणात नुसता बसलो होतो. मेंदीच्या झुडपात तो जुना डबा आडवा पडलेला दिसला. रंग उडून विटकरी झालेला, वर सगळी सावली, खाली नळाची ओल. त्याच्या भोकातून एक चिरक बाहेर आला, शेपटी उभी केली, माझ्याकडे पाहिलं आणि गेला. मग त्याची मादी आली, चोचीत केसांचा पुंजका घेऊन. माझेच पांढरे असावेत.

मी तुम्हाला फोन लावायला उठलो. नंबर अर्धा दाबला आणि मग आठवलं.

मग तुमच्या घरचा लावला. ताईंनी उचलला. तेरवीपासून त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या, हे मला निखिलनं पुण्याहून सांगितलं होतं. मी म्हणालो, "ताई, माझ्या डब्यात चिरक आलाय. त्या तंदुरात. खरंच आलाय. या पाहायला."

पलीकडे कूलरचा आवाज येत होता. ताईंनी तो बंद केला असावा, कारण एकदम शांत झालं.

"नक्की हाय ना?" त्या म्हणाल्या. "का पुन्हा दुकानाचं नाव लिहेल असन पोटावर?"

"ताई, नक्की आहे. आता सांजेला नीट दिसत नाही, पण..."

"राहू द्या," ताई म्हणाल्या. "पिशवी असली तरी चालते. सकाळच्या गाडीनं येते मी."